मेजर म्हणायचे कोणी

अमरावती
९ जून २०२५

ती. मनकर्णावहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या धर्मेंद्रने काल मला फोनवर एक चित्र पाठवले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. चित्रात तुमच्या गावाची नवी कमान आहे. ती अजून बांधून व्हायची आहे, पण वर काय लिहायचे ते ठरलेले दिसते. लाल अक्षरांत 'मेजर सूर्यभान मेहरे प्रवेशद्वार, कळमगव्हाण'. खाली दोन बंदुका आणि मधे दादाचा फोटो. फोटोतला कोट दादाचा नाही. डोके त्याचे आहे, बाकीचे अंग दुसऱ्या कोणाचे.

वहिनी, दादाला जाऊन तीन महिने होत आहेत. तो मेजर नव्हता, नाईक होता. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण धर्मेंद्रशी बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती. मेजर म्हणजे मोठा अधिकारी. अशा मेजरसमोर दादा पंधरा वर्षे टाचा जुळवून उभा राहिला. आपल्याकडे फौजेतून आलेल्या कोणालाही मेजर म्हणतात. स्वयंपाकी असो की शिपाई, ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरला की झाला मेजर. चहाच्या टपरीवर ते चालते. कमानीवर ते खोटे होते. मेलेल्या माणसाच्या नावापुढे खोटे लिहिलेले मला सहन होणार नाही.

शिवाय फौजेनंतर त्याने पंचवीस वर्षे पोस्टात काढली, आधी बार्शीटाकळीला आणि मग अकोल्याला. त्या नोकरीचा कमानीवर पत्ता नाही. जणू ती वर्षे त्याने झोपून काढली.

एकदा मी त्याला माझ्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला बोलावले होते. आमच्या अध्यक्षांनी 'मेजरसाहेब' म्हणून ओळख करून दिली. दादा उठला आणि म्हणाला, "मेजर नाही, नाईक. आता पोस्टमन." आणि खाली बसला. त्याचे भाषण तेवढेच झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी वाजवल्या नाहीत.

तुम्हाला गावात 'मेजरीणबाई' म्हणतात आणि तुम्ही ओ देता, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. तेव्हा गप्प राहिले. पण तुम्हाला ते आवडते म्हणूनच धर्मेंद्रला बळ येते, असे माझे मत आहे. स्पष्ट लिहिले आहे, राग मानू नये.

ग्रामपंचायतीला घरच्यांची लेखी संमती हवी आहे आणि माझ्याकडून दादाचा जीवनपरिचय. मी लिहीन तो खरा लिहीन. तुम्ही धर्मेंद्रला सांगा, मेजर हा शब्द काढ. फोन करत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही.

तुमची नणंद,
अनुपमा

*

कळमगव्हाण, ता. बार्शीटाकळी
२१ जून २०२५

पार्बताबाईले मनकर्णाचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. फोन नाई केला ते बरं केलं. फोन धर्मेंद्रच्या खिशात रायते, अन् तो आवाज मोठा करून देते. तुमी मले काय म्हनता ते आधी शेजारी ऐकतात, मंग मी. पत्र निदान मी एकटी वाचतो. वर्षाली, माही सून, पत्र हातात देते अन् माह्या तोंडाकडं पाहून रायते. पाहू दे.

वाचून आधी हासू आलं, मंग थकल्यासारखं झालं. पानभर मेजर खोटं, मेजर खोटं. बाई, तुमी माहेरी पार्बता होत्या. लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळात बोटानं अनुपमा लिवलं, अन् तुमी अनुपमा झाल्या. शाळेत अनुपमा, पेन्शनीत अनुपमा. त्याले कोनी खोटं म्हनलं काय? मी एकटी पार्बता म्हनतो त तुमी नाक मुरडता.

मले मेजरीन म्हनवून घ्याले आवडते असं तुमाले वाटते. वाटू द्या.

गावात काय चालू हाय ते अमरावतीतून दिसत नाई. धर्मेंद्रले निवडनुकीत उभं रायचं हाय. इकडं त्याच्या विरोधातला खुशालराव आपल्या आज्याचं नाव कमानीले द्याले टपून बसला हाय. धर्मेंद्र सभेत उठला अन् म्हनला, माह्या बापाचं नाव द्या, मेजरचं. मंग सारे हो म्हनले. नाईक म्हनला असता त कोनी हो म्हनलं असतं? लोकायले ते आडनाव वाटते.

तुमी खरं बोलून आपल्या घरी जाता. मले खरं बोलून धर्मेंद्रच्याच घरी जा लागते.

झेंडूची रोपं टाकली. मी अजून मळ्यात जातो, हार गुंफतो. बोटं आखडून जातात. त्यायच्या जागेवर आता कोनी बसत नाई. मी बी नाई बसत.

धर्मेंद्रले गेट पायजे. तुमाले खरं पायजे. मले काय पायजे ते कोनी इचारलं नाई. तुमी बी नाई इचारलं. असो.

मनकर्णा

*

अमरावती
३० जून २०२५

चि. धर्मेंद्रास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे पत्र आले. तिने तुझी बाजू मांडली आहे. आई आहे, ती मांडणारच. पण मी तुझी आत्या आहे आणि तुझ्या वडिलांची बहीण आहे, म्हणून मला त्यांची बाजू मांडावी लागते.

तू मागितलेला परिचय खाली देत आहे.

'नाईक सूर्यभान केशवराव मेहरे यांचा जन्म कळमगव्हाण येथे फुले पिकवणाऱ्या माळ्याच्या घरात झाला. एकोणिसाव्या वर्षी ते सैन्यात भरती झाले. सैन्याच्या खेचर तुकडीत राहून त्यांनी डोंगरावरच्या चौक्यांना धान्य, रॉकेल आणि टपाल पोचवले. जिथे गाडी जात नाही तिथे खेचर जाते, आणि खेचराबरोबर माणूस पायी चालतो. एकाहत्तरच्या लढाईत ते याच कामावर होते. आपण बंदूक चालवली असे त्यांनी कधी सांगितले नाही. एका हिवाळ्यात बर्फाने त्यांच्या डाव्या पायाची बोटे गेली. सैन्यातून आल्यावर ते पोस्टमन झाले आणि त्याच पायाने सायकल मारत निवृत्त होईपर्यंत त्यांनी टपाल वाटले. ते कमी बोलत. खेचरांशी मात्र ते वऱ्हाडीत बोलत असत आणि खेचरांना ते समजत असे, असे त्यांचे म्हणणे होते.'

यातला शब्द बदलायचा नाही. छापायचे तर असे छाप, नाहीतर माझे नाव घालू नकोस.

तुझी आत्या,
अनुपमा

*

कळमगव्हाण
१२ जुलै २०२५

आदरणीय आत्याबाई,
सादर प्रणाम.

आपण लिहिलेला परिचय मिळाला. भाषा फार चांगली आहे. पण 'खेचर' हा शब्द जाहीर कार्यक्रमात वाचता येणार नाही. मी आमच्या मंडळातल्या पोरांना वाचून दाखवला. एक जण म्हणाला, "काय बे धम्या, तुझा बाप बॉर्डरवर गधे हाकत होता काय?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार? पण घरी आल्यावर जेवण गेले नाही. बाबांवर लोकांनी हसावे म्हणून मी गेटमागे लागलो नाही, आत्याबाई.

तुम्ही म्हणता मी बाबांना मेजर केले. मी जन्मलो तेव्हा ते मेजरच होते. पहिलीत मास्तरांनी विचारले, "कोनाचा रे तू?" मी म्हटले, "मेजरचा." मास्तर म्हणाले, "बस समोर." दहावीपर्यंत मला वाटे की बाबा खरोखरच मेजर आहेत. मग कळले. तेव्हा मी बाबांना विचारले होते, "मग लोकांना सांगत का नाही?" ते म्हणाले, "सांगून राहिलो ना रोज. कोनी ऐकते काय?" मला वाटते शेवटी शेवटी ते सांगून थकले होते.

आता मुद्द्याचे. आई संमतीपत्रावर सही करत नाही. मे महिन्यापासून कागद घरात पडून आहे. समोर ठेवला की म्हणते चष्मा सापडत नाही. चष्मा दिला की हात दुखतो. ही कोणाची शिकवण आहे ते मला समजते. तुम्ही तिला फूस लावली. परवा माझा तोल गेला आणि मी म्हणालो, "इतकं आत्याचं ऐकते त तिच्याकडंच रायला जाय." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वर्षालीच्या हातून घेते. मनापासून नाही बोललो, पण बोललो ते बोललो.

अकोल्याच्या कारागिराने अक्षरे कापून ठेवली आहेत. सही नाही मिळाली तर नाव खुशालरावच्या आजोबांचे लागेल. त्यांनी आयुष्यात गावाबाहेर पाऊल टाकले ते फक्त कोर्टाच्या तारखेला. बघा तुम्हाला चालत असेल तर.

आपला,
धर्मेंद्र

*

अमरावती
१६ जुलै २०२५

ती. मनकर्णावहिनींस,
सा. न. वि. वि.

धर्मेंद्र लिहितो की मे महिन्यापासून तुम्ही सही करत नाही. माझे पहिले पत्र जूनचे. म्हणजे तुम्ही नाही म्हणालात ते माझ्यामुळे नाही. आणि तुम्हाला मेजर आवडते हा माझा अंदाजही चुकला. तुम्हाला कोणी विचारले नाही, असे तुम्ही लिहिले होते. मी ते वाचून पुढे गेले.

आता विचारते. तुम्हाला काय हवे आहे?

तो तुम्हाला काय बोलला तेही त्याने लिहिले आहे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. यायचे असेल तर या. माझ्याकडे टीव्ही नाही आणि सकाळी लवकर उठावे लागते, हे आधीच सांगून ठेवते.

अनुपमा

*

कळमगव्हाण
१० ऑगस्ट २०२५

पार्बताबाईले मनकर्णाचा नमस्कार.

उशीर झाला. पान भरतो अन् फाडतो. ही गोष्ट लिवाची नाई, पन सांगाची त अजिबातच नाई. म्हनून लिवतो.

माह्या लग्नाले सुट्टी काढून आले अन् लगेच परत गेले. पुढच्या वर्षी आले तवा मी घरात होती पन मले त्यायची वळख नोहती. आवाज बी आठवत नोहता. एक दिवस तुमची माय मले म्हनली, जाय व, त्याले जेवाले बलाव. मी मळ्यात गेली. ते वाफ्यात वाकून होते, माह्याकडं पाठ. आता हाक कशी मारू? नवऱ्याचं नाव घ्याचं नाई. दुसऱ्या बाया पोराच्या नावानं हाक मारत, धोंड्याचे बाबा, गंग्याचे बाबा. मले पोरगं नोहतं. अहो म्हनाची लाज वाटे. गावात एक म्हातारा फौजी होता, त्याले सारे मेजर म्हनत. तेच आठवलं. मी म्हनलं, "ओ मेजर, जेवाले चला."

ते असे दचकले! उठले, वळले, अन् हातात खुरपं तसंच, मले सॅल्यूट मारला. शेजारच्या वावरात बाया निंदत होत्या. त्यायनं पाहिलं. संध्याकाळी साऱ्या गावात झालं, मेहऱ्याची सून नवऱ्याले मेजर म्हनते. पोरंसोरं माह्या नकला करत. मंग मोठे म्हनू लागले. मंग सारे. तुमी तवा अमरावतीले होस्टेलात होत्या, तुमाले काय माहीत?

गावानं मेजर म्हनलं त ते सांगत, मेजर नाई, नाईक. मी म्हनलं त कधी नाई सांगतलं.

पोस्टमन झाले तवा लय मजा. बाई दारात ये, म्हने पत्र आलं काय? हे म्हनत, कोनाचं? आता पत्र नवऱ्याच्या नावाचं, अन् ती काई नवऱ्याचं नाव घेईना. मंग हे थैलीतली सारी नावं वाचत, देवमन? खंडू? पुंडलिक? जिथं बाई मान हालवे तिथं पत्र देत. असे शांत मानूस, पन हे काम त्यायले लय आवडे. घरी येऊन मले सांगत अन् म्हनत, "तुहं पत्र आलं त मी नाई देनार, पुरं नाव सांगतल्याबिगर." मी म्हनो, "मेजर, नका देऊ." दिवाळीले माह्या भावाचं रजिस्टर पत्र आलं, ते खरंच नाई देलं. थैलीत घालून परत नेलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या मायनं माह्यावतीनं नाव सांगतलं तवा भेटलं.

आता तुमीच पाहा. मी तो शब्द केला. तो माहा हाय. सारं गाव वापरे, तरी घरात मी म्हनलं त तो माहाच राहे. धर्मेंद्र त्याले कमानीवर टांगून राहिला. त्याच्याखालून ट्रॅक्टर जाईन. त्याच्यावर वाढदिवसाचे बॅनर बांधतीन. कुत्रे पाय वर करतीन. मी सही कशी करू? अन् धर्मेंद्रले कसं सांगू? पोराले सांगाची गोष्ट हाय काय ही?

त्यायचं खरं नाव लिवा म्हनाव, सैनिक लिवा, पोस्टमन लिवा. नाव त शाळेच्या दाखल्यावरच हाय, ते जगाचं हाय. मेजर तेवढं ठेवा मले. दुसरं काई नाई पायजे.

तुमच्याकडं येत नाई. शेवंती लावली हाय, तिले कोन पाहीन?

मनकर्णा

*

अमरावती
१८ ऑगस्ट २०२५

चि. धर्मेंद्रास आशीर्वाद.

तुझी आई सही का करत नाही ते मला कळले आहे. ते मी तुला सांगणार नाही आणि तूही तिला विचारू नकोस. ते तुझ्याविरुद्ध नाही, एवढे तुला पुरे. मी तिला फूस लावलेली नाही. ती मी सांगितलेले कधी ऐकत नाही.

आता व्यवहाराचे बोलू, कारण तुला ते लवकर समजते. तुझ्या वडिलांचा हुद्दा सरकारी कागदावर आहे. खुशालरावने एक अर्ज केला तर तो त्याच्या हातात येईल. मग निवडणुकीच्या सभेत तो कागद वाचला जाईल. खेचरावरून लोक हसले तर हसून विसरतील. खोट्या मेजरवर हसले तर मतदानापर्यंत हसतील, आणि ते हसणे तुझ्या वडिलांवर असेल. हे तुला चालणार आहे का?

कमानीवर लिही : 'माजी सैनिक व पोस्टमन सूर्यभान मेहरे प्रवेशद्वार'. हुद्दा नको. बंदुका नकोत. फोटो लावायचा तर त्याच्या स्वतःच्या अंगासकट लाव. यावर तुझी आई सही करील. परिचयात खेचर राहील. वाचताना तू हसला नाहीस तर दुसरे कोणी हसणार नाही.

तू आईला जा म्हणालास. मनापासून बोललो नाही, असे मला लिहितोस. मला लिहून काय उपयोग? तिच्यासमोर बस आणि तिला सांग.

तुझी आत्या,
अनुपमा

*

कळमगव्हाण
३ नोव्हेंबर २०२५

पार्बताबाईले मनकर्णाचा नमस्कार.

दिवाळीत पत्र नाई लिवलं. फुलायची घाई होती. झेंडूले भाव नाई भेटला, पन तोडावा त लागतेच.

पोळ्याच्या दिवशी धर्मेंद्र माह्या खाटेजवळ खाली बसला. म्हनला, "माय, चुकलो." बस. मी म्हनलं, चाय घे. त्यानं नवा कागद ठेवला, मी सही केली. तुमी त्याले काय लिवलं ते त्यानं नाई सांगतलं, मी नाई इचारलं.

गेट झालं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फीत कापली. तुमी लिवलेलं धर्मेंद्रनं वाचलं. खेचर आलं तवा मागं कोनीतरी खिदळलं, धर्मेंद्रनं त्याच्याकडं पाहिलं अन् पुढं वाचत गेला. तुमच्या मनासारखं झालं. पाटीवर मेजर कुठंच नाई.

पन काल काय झालं ते आयका. मी दवाखान्यातून जीपनं येत होती. आपला मोड आला तसा जीपवाला वरडला, "चला, मेजर गेटवाले उतरा!" मले वाटलं माहे कान वाजले. मंग मागून एक पोरगी, दुसऱ्या गावची, म्हनते, "काका, मेजर गेटपासून शाळा जवळ हाय ना?" तिनं त्यायले कधी पाहिलं बी नसन. मी उतरून राहिली त जीपवाला म्हनते, "आजी, मेजर गेटच ना तुमचं?"

मी हो म्हनलं. मंग काय म्हनू?

पाटी कोनी वाचत नाई, बाई. गावाच्या तोंडात जे होतं तेच जाऊन गेटले चिकटलं. पयले निदान मानसाले म्हनत. आता विटायले म्हनतात. मेजर गेटवर पंक्चर काढून भेटते. मेजर गेटवर सकायी भांडन झालं. धर्मेंद्रची काई चूक नाई, तुमची बी नाई.

मी रोज संध्याकाळी फोटोले हार घालतो अन् म्हनतो, मेजर, हे घ्या. काल तोंड उघडलं अन् जीपवाला आठवला. शब्द निंगला नाई. हार तसाच घातला, मुक्यानं. आज बी तसंच झालं.

आता मी त्यायले काय म्हनू?

ट्रंकेतलं त्यायचं सामान तुमी घेऊन जा. गेटजवळ काचेची पेटी करून त्यात ठेवू असं मंडळाची पोरं म्हनून राहिली. पेटी झाली त ते बी मेजर गेटचंच होईन.

मनकर्णा

*

अमरावती
१० नोव्हेंबर २०२५

ती. मनकर्णावहिनींस,
सा. न. वि. वि.

पाटी बदलता आली. लोकांची तोंडे बदलता येत नाहीत. जन्मभर शाळेत पोरांची तोंडे बदलण्याचेच काम केले, म्हणून हे मला चांगले माहीत आहे. तुमचा शब्द गेला. तो परत आणता येईल असा धीर मी तुम्हाला देणार नाही.

पण एक सांगते. गाव त्याला मेजर म्हणे. पोस्टात तो मेहरे. मी दादा म्हणते, धर्मेंद्र बाबा म्हणतो. सूर्यभान अशी हाक मारणारी आमची आई होती. ती गेल्यापासून त्या नावाने त्याला कोणी हाक मारलेली नाही. कागदावर आणि कमानीवर ते लिहिलेले आहे, पण कोणाच्या तोंडी नाही. तुम्ही जगाचे म्हणून ते सोडून दिलेत आणि जगाने ते घेतले नाही.

ते तुम्ही घ्या. पाप लागत नाही. लागलेच तर माझ्याकडे पाठवा, मी बघून घेईन.

सामान न्यायला तेवीस तारखेला येते. जेवायला थांबेन. वांग्याची भाजी करू नये, मला चालत नाही.

अनुपमा

*

अमरावती
२४ नोव्हेंबर २०२५

चि. धर्मेंद्रास आशीर्वाद.

काल मी कळमगव्हाणला आले तेव्हा तू फुले घेऊन अकोल्याच्या बाजारात गेला होतास. तुझ्या आईने दादाचे सामान माझ्या ताब्यात दिले. नंतर घरात कोणी कोणाला विचारू नये म्हणून काय दिले ते लिहून पाठवते. देणे-घेणे तुझ्या बायकोसमोर झाले.

फौजेची टोपी. ट्रंकेतून काढून माझ्या हातात देताना तुझी आई म्हणाली, "ही सूर्यभानची." आवाज इतका लहान होता की मी काय म्हणून पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले.

बाहीवरून उसवून ठेवलेल्या नाईकाच्या फिती. "ह्या बी सूर्यभानच्या." यावेळी वर्षाली स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. तिच्या हातात लाटणे होते.

पदके, रंगीत पट्टीसह. यातले कोणते कशाचे ते वहिनींना सांगता आले नाही. "सूर्यभानले बी सारे माहीत नोहते," असे म्हणाल्या.

पोस्टाचा खाकी शर्ट, उजव्या कोपरावर ठिगळ. ठिगळ वहिनींनी लावलेले आहे. "सूर्यभान म्हने, नवा घेऊ. मी म्हनलं, कायले?" शर्ट धुऊन इस्त्री केलेला मिळाला.

फौजी कांबळे. हे ट्रंकेच्या तळाशी होते आणि मी ते पिशवीत ठेवायला हात पुढे केला होता. वहिनींनी ते उलगडले, झटकले, उन्हाकडे धरून कुठे कसर लागली आहे का ते पाहिले आणि पुन्हा घडी घातली. मग माझ्याकडे न पाहता फोटोकडे पाहून म्हणाल्या, "सूर्यभान, हे मी ठेवतो."

ते दिलेले नाही.

वरील सामान पाहून ताब्यात घेतले.

अनुपमा